लोखंडी इमारतीचा भूकंपातील जोड

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. तेव्हापासून आपल्या व्यापारी बांधवांत असा समज आहे की, लोखंडी सांगाडा उभारला म्हणजे भूकंपाची चिंता मिटली. हा समज निम्माच खरा आहे. चांगले लोखंड एकदम तुटत नाही, आधी वाकते. पण आडवा बीम उभ्या कॉलमला जिथे मिळतो, त्या जोडाचा भरवसा वेगळा तपासावा लागतो.

१७ जानेवारी १९९४ रोजी अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिज येथे ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. वेल्डिंगच्या जोडांवर उभ्या असलेल्या लोखंडी इमारती कोसळल्या नाहीत, म्हणून सुरुवातीला सर्व ठीक वाटले. पुढे छत आणि आगरोधक लेप काढून पाहिले, तर शंभराहून अधिक इमारतींच्या जोडांत तडे! त्यांत एक मजली होत्या, २६ मजली होत्या. तीस वर्षे जुन्या होत्या, तशाच बांधकाम चालू असलेल्याही होत्या. बीमच्या खालच्या पट्टीचे वेल्डिंग साइटवर करताना मधला उभा पत्रा आड येतो. वेल्डरला मध्येच थांबून पुन्हा सुरू करावे लागते आणि दोष तिथेच राहतो. वेल्डच्या आधाराला लावलेली पट्टी काढली जात नसे, तिच्या फटीतून तडा पुढे सरके. वेल्डचा धातूही ठिसूळ होता.

आपल्या शिंपी बांधवांना हे लगेच उमजेल. अंगरखा ताणला की शिवण उसवते, थान मधोमध फाटत नाही.

यावर एक इलाज असा निघाला की, जोडापासून थोड्या अंतरावर बीमच्या पट्ट्या गोलाईत कापून मुद्दाम अरुंद करायच्या. बीम तिथे वाकतो, जोड वाचतो, माणसेही वाचतात. मात्र वाकलेला बीम वाकलेलाच राहतो आणि दुरुस्ती होईपर्यंत पेढीला कुलूप.

हे कुलूप किती दिवस, हाच आपला प्रश्न. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसे दगावली. शहराच्या मध्यभागी नाकेबंदी झाली. ती हळूहळू आखडत गेली, पण शेवटचा भाग खुला व्हायला जून २०१३ उजाडला. इतके दिवस कोणते गिऱ्हाईक थांबते?

त्याच देशात ऑकलंड विद्यापीठाचे चार्ल्स क्लिफ्टन यांनी या भूकंपाच्या आधीच सरकता जोड तयार केला होता. त्यात बीमची वरची पट्टी बिजागरीसारखी एका जागी राहते, म्हणून वरच्या स्लॅबला फारसा धक्का लागत नाही. खालच्या बाजूला लांबट भोकांच्या पट्ट्या घट्ट आवळलेल्या बोल्टांनी दाबून धरलेल्या असतात. वाऱ्याने किंवा लहान हादऱ्याने त्या हलत नाहीत. मोठा धक्का आला की त्या घासत सरकतात आणि भूकंपाचा जोर त्या घर्षणात उष्णता होऊन खर्ची पडतो. बीमला वाकावे लागत नाही. वेलिंग्टनमधील ते पुनी या विद्यार्थी वसतिगृहात हा जोड वापरला आहे.

उणीव आहेच. घासल्यावर बोल्टांचा ताण कमी होतो आणि इमारत पूर्ववत सरळ होईलच असे नाही. त्यासाठी पुढे बशीच्या आकाराचे स्प्रिंग-वॉशर घालण्यात आले.

भारतात पोलादी बांधकामाच्या आय.एस. ८०० या मानकात, २००७ च्या आवृत्तीपासून, भूकंपासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. गोदाम किंवा कारखाना बांधताना त्यानुसार जोडांचे नकाशे इंजिनीअरकडून मागून घ्यावेत आणि साइटवरचे वेल्डिंग त्रयस्थाकडून तपासून घ्यावे. आपल्याकडचा फॅब्रिकेटर मालकाला खूश करण्यासाठी बोल्टच्या जोडावर वरून आणखी एक वेल्ड मारून देतो, ‘सेठ, डबल मजबूत’. सरकत्या जोडावर असा वेल्ड मारला की पट्ट्या जागच्या जागी जाम होतात आणि सारा धक्का पुन्हा बीमवर नि कॉलमवर जातो.