झोळी : शब्द एक, उपयोग अनेक

इंग्रजीतील ‘हॅमॉक’ हा शब्द मूळचा वेस्ट इंडीज बेटांवरील तायनो लोकांचा. झाडांना टांगलेल्या सुती जाळीत ते निजत, हे १४९२ साली कोलंबसाच्या दृष्टीस पडले. पुढे जहाजांवरील खलाशांनीही ही शय्या स्वीकारली. आपल्या शेतकऱ्यास मात्र तिचे नवल वाटण्याचे कारण नाही; मराठीत ‘झोळी’ या शब्दाचा व्याप त्याहून मोठा आहे. मधुकरी मागणाऱ्याच्या खांद्यावर झोळी असते, रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजाऱ्यास बांबूला बांधून नेतात ती झोळीच, आणि अंगणवाडीत तान्ह्या मुलाचे वजन करताना काट्यास अडकवितात तीही झोळीच. आंबा उतरविण्याच्या झेल्यासही जाळीची झोळी असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या ‘नूतन झेल्या’ने फळ देठासह कापले जाऊन तीत पडते, त्यामुळे चीक ओघळून साल डागळत नाही.

निंदणीस आलेली माता बांधावरील झाडांना जुन्या लुगड्याची झोळी बांधते, तिचा विचार अधिक काळजीने केला पाहिजे. सैल पडलेल्या दोरास ‘झोळ आला’ असे आपण म्हणतो. एरवी हा दोष, पण झोळीत तोच गुण होय. दोन झाडांमध्ये झोळी बांधताना दोराचा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येक बाजूच्या दोरावर झोळीतील वजनाइतकाच ताण येतो. दोर ओढून कोन १० अंशांवर आणल्यास हा ताण जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे १० किलोच्या मुलासाठी दोरास २८ किलोंहून अधिक भार सोसावा लागतो. घट्ट ताणलेली झोळी सुरक्षित, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. झोळी जमिनीपासून फार उंच नसावी. मोठ्या मुलांस तीत खेळू देऊ नये. कापडाचा पीळ गळ्यास बसण्याचा धोका असतो.

फवारणीच्या दिवशी मूल शेतावर आणूच नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. तान्ह्या मुलाची सहनशक्ती त्यांच्याहून कितीतरी कमी. शेजारच्या शेतात फवारणी सुरू झाल्यास झोळी तत्काळ सोडून मुलास वाऱ्याच्या वरच्या बाजूस दूर न्यावे. फवारणीच्या वेळी अंगावर घेतलेले कापड किंवा औषधाच्या खोक्यांचा दोर झोळीस कधीही वापरू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीचा दिवस शेजाऱ्यांस आदल्या संध्याकाळीच कळविण्याची प्रथा पाडावी.