राघोभरारी, पळपुटा आणि इष्टुर फाकडा

सेनापतीस सरकारांतून मिळणारी पदवी आणि लोकांनीं त्यास दिलेलें नांव ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. पदवीस सनद लागते, शिक्का लागतो, बहुधा मानाचीं वस्त्रेंही लागतात. कुडतोजी गुजरांस ‘प्रतापराव’ व हंसाजी मोहित्यांस ‘हंबीरराव’ ह्या पदव्या शिवछत्रपतींनीं दिल्या. त्या दोघांनीं, एकानें १६७४ मध्यें नेसरीस आणि दुसऱ्यानें १६८७ मध्यें वाईजवळ, प्राण देऊन त्या खऱ्या केल्या. म्हणून आज मूळ नांवें अभ्यासकांपुरतीं उरलीं आहेत. परंतु पदवी आणि लोकांचें मत यांचा असा मेळ नेहमींच बसतो असें नाहीं.

लोकांनीं दिलेल्या नांवाला कारण लागतें. विराटपर्वांत उत्तराचा विश्वास बसावा म्हणून अर्जुन आपलीं दहा नांवें सांगतो, आणि नुसतीं सांगत नाहीं, प्रत्येकाची उपपत्ति देतो. दोन्ही हातांनीं धनुष्य ओढतो म्हणून सव्यसाची; रणांत किळस यावी असें कर्म करीत नाहीं म्हणून बीभत्सु. एकट्या वीराप्रमाणें सबंध तुकडीसही असें नांव मिळे. द्रोणपर्वांतील त्रिगर्तांचे ‘संशप्तक’ हे तसलेच. शपथ घेऊन रणांत उतरलेले, माघार ज्यांस ठाऊक नाहीं असे.

आम्हां गासच्या रहिवाशांस हा विषय दूरचा वाटत नाहीं, कारण वसईचा किल्ला येथून जवळ आहे आणि पेशवाईंतील दोन प्रसिद्ध टोपणनांवांचे धागे त्या किल्ल्याशीं गुंतलेले आहेत. किल्ला १७३९ च्या मे महिन्यांत पोर्तुगीजांकडून घेतला तो चिमाजीअप्पांनीं. त्या विजयी पुरुषास मात्र पराक्रमावरून वेगळें नांव पडलें नाहीं. घरांत हांक मारण्याचें ‘अप्पा’ हेंच फौजेला पुरेसें झालें. मला तर त्यांतच मोठा मान दिसतो.

टोपणनांव मिळालें तें त्यांच्या पुतण्यास. रघुनाथराव १७५८ च्या एप्रिलांत लाहोरास पोंचले, आणि ज्या वेगानें ही मजल मारली त्यावरून ते ‘राघोभरारी’ झाले. मोहिमेंतून खजिन्यांत भर पडण्याऐवजीं कर्ज आलें, हें पुण्याच्या कारभाऱ्यांनीं पाहिलें. लोकांनीं भरारी पाहिली. त्याच रघुनाथरावांनीं पेशवाईच्या हव्यासापायीं १७७५ च्या सुरतेच्या तहांत साष्टी आणि वसई इंग्रजांस देऊं केली. चुलत्यानें रक्त सांडून घेतलेली वसई पुतण्यानें कागदावर सोडली! तरी लोकांनीं ‘भरारी’ हें नांव परत घेतलें नाहीं. ह्या उदारतेचें मला आजही नवल वाटतें.

त्यांच्या चिरंजीवांच्या वांट्यास मात्र ही उदारता आली नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरावर यशवंतराव होळकरांनीं पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. दुसरे बाजीराव पुणें सोडून कोंकणांत उतरले, इंग्रजी जहाजानें वसईस आले आणि ३१ डिसेंबरास येथेंच त्यांनीं तो प्रसिद्ध तह केला. ‘पळपुटा बाजीराव’ हें नांव आतां त्यांच्यापासून सुटणें कठीण.

येथें थोडा विचार केला पाहिजे. पळणें हेंच जर लाजिरवाणें, तर संताजी-धनाजी काय थोडे पळाले? मोंगलांपुढून निसटावयाचें, त्यांस दमवावयाचें आणि नको त्या वेळीं उलटून पडावयाचें, हीच त्यांची युद्धविद्या. त्यांस कोणी पळपुटे म्हटलें नाहीं, कारण ते राज्य राखण्यासाठीं पळत होते. बाजीराव वसईस आले ते राज्य दुसऱ्याच्या पदरांत घालून गादी राखण्यासाठीं. आपल्या भाषेंत बारशाच्या दिवशीं ‘नांव’ ठेवतात आणि निंदा करावयाची असली म्हणजे ‘नांवें’ ठेवतात. अंतर काय तें एका मात्रेचें आणि अनुस्वाराचें. बाप-लेकांमध्यें तेवढेंच अंतर पडलें.

आणि ज्या मराठ्यांनीं आपल्याच पेशव्यास असें नांव दिलें, त्यांनींच शत्रूकडील एका कप्तानास ‘फाकडा’ म्हटलें. रघुनाथरावांस पुण्यास बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली, तींत जेम्स स्टुअर्ट नांवाचा कप्तान होता. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ तो पडला. दुर्बीण घेऊन झाडावर चढला असतां तोफेचा गोळा लागला, असें लोक सांगतात. स्टुअर्टाचा ‘इष्टुर’ झाला हें आपल्या जिभेच्या वळणास धरूनच आहे. संस्कृत ‘स्त्री’ची प्राकृतांत ‘इत्थी’ झाली आणि स्टेशनाचें खेड्यांत ‘इष्टेशन’ झालें, तसेंच हें. कोन्हेरराव एकबोटे आणि मानाजी शिंदे हे आपले फाकडे. त्यांच्या पंक्तीस हा परकी बसला. लोकांनीं ‘साडेतीन फाकडे’ मोजले त्यांत इष्टुरासही धरलें! वडगांव मावळास त्याचें थडगें आहे आणि तेथें भाविकही जातात.

त्याच फौजेंतील हार्टले नामक कप्तानानें तळेगांवाहून माघार घेतांना पिछाडी शर्थीनें सांभाळली. लष्करी दृष्टीनें त्याची कामगिरी इष्टुराहून मोठी म्हणावी लागेल. १७८० च्या डिसेंबरांत तोच आमच्या वसईच्या पूर्वेस दुगाडास लढला. परंतु त्यास कोणीं टोपणनांव दिलें नाहीं.

पलटणींचीं नांवें अधिक साधीं असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण १७६८ ची. ती ‘जंगी पलटण’. दुसरी ‘काळी पांचवी’. मुंबईच्या सैन्यांत तिचा क्रमांक पांचवा आणि लाल डगल्याच्या गळपट्टीचा व बाह्यांच्या कडांचा रंग काळा, एवढ्यावरून हें नांव. १९०३ मध्यें पांचाचे एकशेंपांच झाले, पुढें तोही क्रमांक गेला, लाल डगले गेले. शिपाई आपली काळी पांचवीच म्हणत राहिले.

एका रिसाल्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. १८१७ च्या जूनमध्यें इंग्रजांनीं ह्याच दुसऱ्या बाजीरावांकडून पुण्यास आणखी एक तह करून घेतला, आणि त्यांतून ‘पुना हॉर्स’ उभा राहिला. पळपुट्या म्हटलेल्या धन्याच्या तहांतून निघालेला हा रिसाला १९७१ च्या डिसेंबरांत कर्नल हणूत सिंगांच्या हाताखालीं बसंतर नदीपार रणगाडे घेऊन पाकिस्तानी फौजेसमोर उभा होता. १६ डिसेंबरास सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हा एकवीस वर्षांचा अधिकारी पेटलेला रणगाडा न सोडतां तेथेंच पडला. त्यास मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. रिसाल्यास ‘फक्र-ए-हिंद’, म्हणजे हिंदुस्थानचा अभिमान, हें नांव मिळालें तें समोरच्या पाकिस्तानी सैन्याकडून.