निजामाचे पाचू कोलंबियाचे

हैदराबादच्या निजामांच्या जडजवाहिराचे 173 नग भारत सरकारने 1995 साली 218 कोटी रुपयांना विकत घेतले. एरवी ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात. 2019 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते पुन्हा मांडले गेले. नेरकरांना हा खजिना अगदीच परका नाही. नेर-यवतमाळसह सारा वऱ्हाड निजामाच्या मुलखात होता. 1853 मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि 1902 मध्ये सालीना 25 लाख रुपयांवर तो कायमच्या भाडेपट्ट्याने दिला गेला. हा करार करणारे सहावे निजाम महबूब अली खान यांनीच ‘जेकब’ हिरा घेतला.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी होती ती याच हिऱ्यापुढे. वजन 184.75 कॅरेट, म्हणजे जवळपास 37 ग्रॅम. आजचा कोहिनूर 105.6 कॅरेटचा. 1891 च्या या सौद्यावरून कलकत्त्यात खटला गाजला. पुढे हा हिरा सातव्या निजामांना वडिलांच्या जोड्यात सापडला आणि त्यांनी त्याचा कागदावर ठेवायचे वजन म्हणून वापर केला, असे सांगतात. गोवळकोंड्याच्या खाणींशी मात्र त्याचा संबंध नाही. तो 1880 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतून आलेला आहे.

खरी नवलाई या खजिन्यातल्या पाचूंत आहे. अशा जुन्या पाचूंना जवाहिरे ‘जुन्या खाणीचे’ म्हणत आणि ती खाण पूर्वेकडे कुठेतरी लुप्त झाली, असे मानत. हा समज मोडला तो ऑक्सिजनने. पाचूच्या स्फटिकात ऑक्सिजनचे अणू असतात. त्यांतल्या जड ऑक्सिजन-18 चे हलक्या ऑक्सिजन-16 शी असलेले प्रमाण भोवतालच्या खडकानुसार बदलते आणि रत्न तयार झाले की तसेच टिकते. कोलंबियातले पाचू काळ्या शेल खडकात घडले, म्हणून त्यांत ऑक्सिजन-18 चे प्रमाण बरेच जास्त. संशोधक गॅस्तों जुलियानी आणि सहकाऱ्यांनी निजामाच्या खजिन्यातल्या काही पाचूंवर आयनांचा बारीक झोत सोडून हे प्रमाण मोजले. झोताने पडणारा खड्डा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, त्यामुळे रत्नाचे मोल कमी होत नाही. (राजेरजवाड्यांचे दागिने प्रयोगशाळेत यायचे, तर ही अट पाळावीच लागते!) ‘सायन्स’ नियतकालिकात 2000 साली निष्कर्ष आला: हे पाचू बहुतांशी कोलंबियाचे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तिथल्या खाणी ताब्यात घेतल्या. तिथला माल आधी स्पेनमार्गे आणि नंतर थेट फिलिपिन्समार्गे हिंदुस्थानात येऊ लागला. दख्खनी दिमाखाचा हा हिरवा रंग अँडीज पर्वतातला.

हिऱ्याला ही युक्ती लागू पडत नाही. हिरा म्हणजे कार्बन; त्याच्या जाळीत मोजण्याजोगा ऑक्सिजन नसतो. जवळजवळ नायट्रोजनमुक्त, पाण्यासारख्या स्वच्छ हिऱ्यांना व्यापारात ‘गोवळकोंडा’ म्हणतात खरे, पण तसे हिरे आफ्रिकेतही निघतात. पैलू पाडलेला असा हिरा गोवळकोंड्याचाच आहे हे सिद्ध करणारी खात्रीची कसोटी आजही नाही. तेव्हा लिलावात या नावापोटी मोजलेली जादा किंमत ही रसायनशास्त्राची नव्हे, दंतकथेची किंमत असते.