निर्व्यसनी घरांतील यकृत

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या दिवाळीनंतर चमत्कारिक अबोला पसरला होता. घरचे कर्ते पुरुष पन्नाशी उलटलेले, हातापायांनीं किडकिडीत. कांहीं निमित्तानें त्यांच्या पोटाची सोनोग्राफी झाली आणि अहवालांत यकृतांत मेद सांठल्याचें निघालें. ज्यांनीं जन्मांत दारूला स्पर्श केला नाहीं, त्यांच्याकडे धाकटे बंधु शंकेनें पाहूं लागले. मातोश्रींना तर दोन दिवस अन्न गोड लागेना.

हा संशय नवा नव्हे. १९८० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें युर्गेन लुडविग व त्यांचे सहकारी यांनीं वीस रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासून जें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांतील विकृति हुबेहूब मद्यप्यांची होती. मद्यपान मात्र नव्हतें. बहुतेक रुग्ण स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता. तोंवर या विकारास नांवच नव्हतें.

मग हा मेद येतो कोठून? पोटावर चिमटींत सांपडणारी कातडीखालची चरबी त्या मानानें निरुपद्रवी. खरी गोष्ट आंतल्या, आंतड्यांभोंवतीं जमणाऱ्या चरबीची आहे. ती प्रमाणाबाहेर वाढली म्हणजे तिच्यांतील पेशी फुगतात, कांहीं मरतात. त्यांची विल्हेवाट लावण्यास शरीरांतील रक्षक पेशी तेथें गोळा होतात आणि जंतूंशीं लढतांना जीं द्रव्यें सोडावयाचीं, तींच तेथें सोडूं लागतात. हाच पोटांतला दाह. यांत ताप नाहीं, ठणका नाहीं. आंत्रपुच्छाच्या दाहाप्रमाणें कोणी पोट धरून बसत नाहीं, म्हणूनच तो वर्षानुवर्षें कळत नाहीं.

आतां शरीराची रचना पाहा. यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन चतुर्थांश रक्त पोटांतल्या अवयवांकडून एकाच मोठ्या शिरेनें येतें. अर्थात् त्या चरबींतून सुटलेलीं मेदाम्लें व दाहक द्रव्यें प्रथम यकृताच्याच पदरांत पडतात. इन्सुलिनचा अंमल ढिला पडतो, आणि साखरेपासून यकृत स्वतःही मेद बनवीत राहतें. शेंकडा पांचाहून अधिक पेशींत मेद दिसला कीं विकार जडला असें समजतात. पुष्कळांचा विकार येथेंच थांबतो. कांहींच्या यकृतास मात्र दाह होऊन तें निबर होत जातें.

परंतु किडकिडीत माणसास हें कसें व्हावें? याचें उत्तर आपल्या पुण्याशींच निगडित आहे. २००४ सालीं डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत स्वतःचींच शरीरें उदाहरणादाखल मांडलीं. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरांतील चरबी युडकिन यांची शेंकडा ९.१, तर याज्ञिकांची २१.२!

म्हणून आपल्याकडे वजनकांट्यापेक्षां फितीवर भिस्त ठेवावी. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढें गेली कीं सावध व्हावें. वजन अधिक असेल त्यानें तें शेंकडा सात ते दहा उतरविलें, तर यकृताचा दाहही उतरतो असा अनुभव आहे. (उपासाची साबूदाण्याची खिचडी या कामीं उपयोगी नाहीं, हें सांगतांना लेखकासही वाईट वाटतें.)

आमच्या स्नेह्यांकडे अखेर वहिनींनीं शिवणाची फीत काढली. यजमानांची कंबर भरली ९४. शंकेखोर बंधूंची ९९. मातोश्रींनीं मात्र माप देण्यास साफ नकार दिला.