एका ताटाची दिनचर्या

स्वस्थवृत्त शिकताना आपण सर्वांनीच दिनचर्येचा अध्याय मुखोद्गत केला आहे. ब्राह्ममुहूर्ती उत्थान, शौच, दंतधावन, अंजन, नस्य, गंडूष, अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन, स्नान आणि मग भोजन असा तो सुंदर क्रम आहे. मात्र या क्रमामागे एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे घर. चुलीवर पाणी तापवणारे कोणी आहे, वेळेवर हाक मारणारे कोणी आहे, ताट वाढणारे आणि 'आज कमी का जेवलास?' असे विचारणारे कोणी आहे, हे आचार्यांना वेगळे सांगण्याची गरज वाटली नाही.

आज आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या पंचवीस ते पस्तीस या वयोगटातील रुग्णांपैकी अनेकांकडे हे गृहीत घरच नसते. शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे, मुंबई, नाशिक, बंगळूर येथे आलेली, अद्याप अविवाहित, एकटी किंवा मित्रमैत्रिणींसह सदनिकेत राहणारी ही तरुण मंडळी आहेत. त्यांना दिलेली पथ्यापथ्याची छापील यादी बहुधा दुसऱ्याच दिवशी बाजूला पडते. याचा दोष केवळ रुग्णावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. म्हणून अशा एका रुग्णेच्या नित्य जीवनक्रमाचा येथे थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे. तिची ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

दिवसाचे चित्र

वय अठ्ठावीस, व्यवसायाने संगणक अभियंता, मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात, वास्तव्य वाकड परिसरात आणि कार्यालय हिंजवडीला. तक्रारी नेहमीच्याच होत्या: छातीत जळजळ, पोट फुगणे, मलावष्टंभ, रात्री झोप न लागणे आणि सकाळी अंग जड वाटणे. तपासण्यांत विशेष काही आढळले नव्हते. दोन वर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या अधूनमधून चालू होत्या. शिवाय सोनामुखीयुक्त चूर्ण रोज रात्री, तेही कोणाच्या सल्ल्याविना.

प्रश्नपरीक्षा करताना मी तिला 'काय खातेस?' असे न विचारता 'कालचा दिवस तासागणिक सांग' असे म्हटले. हा प्रश्न अशा रुग्णांसाठी फार उपयुक्त ठरतो असा अनुभव आहे. सकाळी साडेआठला जाग, लगेच भ्रमणध्वनी हातात, उपाशीपोटी चहा. दहाला कार्यालयात जाण्यासाठी वाहन. वाटेतील कोंडीमुळे आणि स्वच्छतागृहाच्या गैरसोयीमुळे मूत्रवेग रोखून धरण्याची सवय जडलेली. दुपारचे जेवण कधी एक वाजता तर कधी साडेतीनला, पडद्याकडे पाहत. सायंकाळी पुन्हा चहा व बिस्किटे. रात्री परदेशातील सहकाऱ्यांबरोबर बैठक आणि ती संपल्यावर, म्हणजे साडेअकराच्या सुमारास, मागवलेले जेवण. त्यानंतर 'स्वतःसाठी वेळ' म्हणून एखादी मालिका. निद्रा दीडच्या पुढे.

विषमाशन, वेगधारण, रात्रिजागरण आणि जेवताच शय्या हे हेतू कोणाही वैद्याच्या सहज लक्षात येतील. तथापि हेतू ओळखणे सोपे असते, त्याचे मूळ शोधणे कठीण.

परदेशी घड्याळाची ऋतुचर्या

तिने एक बारकावा सांगितला, तो मला नवा होता. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्यामुळे तेथील पश्चिम किनाऱ्यावर सकाळी नऊला भरणारी बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊला, तर हिवाळ्यात साडेदहाला सुरू होते. दुसऱ्या देशातील एका नियमामुळे सोलापूरच्या या मुलीच्या जेवणाची वेळ वर्षातून दोनदा सरकते.

आता ऋतुचर्येच्या दृष्टीने पाहा. हेमंत व शिशिरात अग्नी बलवान असतो. रात्र मोठी असल्याने पहाटेच भूक लागते, असे वाग्भटाचार्य सांगतात. नेमक्या त्याच काळात हिची रात्र आणखी तासाभराने लांबते, जाग उशिरा येते आणि प्रदीप्त अग्नीला सकाळी केवळ चहा मिळतो. 'माझा त्रास दिवाळीनंतर वाढतो,' असे ती म्हणत होती. थंडीत पचन सुधारावे हा आपला सर्वसाधारण अनुभव; तो येथे उलटा का झाला, याचे उत्तर त्या घड्याळात होते.

आधुनिक वैद्यकानेही या विषयाकडे गांभीर्याने पाहिले आहे. शरीरातील दैनिक लयीच्या जैवयंत्रणेवरील संशोधनास २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, दैनिक लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाचा समावेश 'बहुधा कर्ककारक' या गटात केला आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तेच वर्गीकरण कायम ठेवले. आपल्या रुग्णेची पूर्ण रात्रपाळी नाही, हे खरे. पण काळ हा आहाराइतकाच विचारात घ्यावयाचा घटक आहे, हे चरकाचार्यांनी आहारविधीच्या आठ आयतनांत फार पूर्वीच नोंदवले आहे.

छंदाचा प्रश्न

तिच्या आयुष्यात आनंदाची जागा एकच होती, ती म्हणजे ढोल-ताशा पथक. गणेशोत्सवापूर्वी दीड-दोन महिने सायंकाळी सराव चालतो. कमरेला जड ढोल बांधून तास दोन तास उभे राहणे, वाजवणे, घाम, मधूनच पाऊस, आणि नंतर सर्वांनी मिळून वडापाव. महासाथीमुळे २०२० व २०२१ या वर्षी उत्सवातील वादन थांबले, तेव्हा ती गावी आईवडिलांकडे राहून काम करत होती. पुढे कार्यालये उघडली, ती पुण्यास परतली आणि पथकातही पुन्हा दाखल झाली. आता आठवड्यातून तीन दिवस कार्यालय व दोन दिवस घरून काम अशी व्यवस्था आहे.

शास्त्रदृष्ट्या पाहता हा सराव वर्षाऋतूत येतो. या ऋतूत अग्निमांद्य व वातप्रकोप असतो. आयास व दिवास्वाप वर्ज्य सांगितले आहेत. व्यायाम अर्धशक्तीने करावा, तोही शीत व वसंत ऋतूंत. अन्य काळी त्याहून कमी, हा नियम प्रसिद्ध आहे. शिवाय वर्षभर बैठे काम आणि एकाएकी असा परिश्रम. तिची कंबर व खांदे भाद्रपदात दुखत असत, हे ओघानेच आले. 'ढोल बंद कर' हा सल्ला जिभेवर येणे स्वाभाविक होते.

तो दिला नाही, याचे कारण असे. तासागणिक सांगितलेल्या तिच्या दिवसात दुसऱ्या माणसाशी कामाव्यतिरिक्त प्रत्यक्ष बोलणे जवळजवळ नव्हतेच. महासाथीच्या काळात गावी असताना आम्लपित्ताची गोळी एकदाही लागली नाही, असे तिने सहज सांगितले. काम तेच होते, बैठकीही रात्रीच्याच होत्या. फरक इतकाच की आठ वाजता आई ताट वाढत असे आणि बैठक त्यानंतर होत असे. अष्टांगहृदयातील मात्राशितीय अध्यायात भोजनाचे नियम सांगताना, आपल्या आवडत्या माणसांसह, शुचिर्भूत व आपल्यावर भक्ती असणाऱ्या व्यक्तीने आणलेले अन्न सेवावे, असा निर्देश आहे. आपण तो शिष्टाचार म्हणून वाचून पुढे जातो. मला वाटते, तो चिकित्सेचा भाग आहे. जिला इष्टजनांचा सहवास वर्षातून दोनच महिने मिळतो, तिचे ते दोन महिने काढून घेणे म्हणजे एक हेतू टाळण्यासाठी दुसरा वाढवणे होय.

म्हणून सरावाला मर्यादा घातली. आठवड्यातून तीनच दिवस. कपाळावर व काखेत घाम येऊन तोंडास कोरड पडू लागली की थांबणे. सरावापूर्वी कंबर व खांद्यांस तिळतेल चोळणे. भिजल्यास त्वरित कोरडे कपडे. वडापावऐवजी डब्यातील गूळ-तूप-पोळी. कानांत बोळे घालण्याचा आग्रहही धरला, कारण अतिशब्द हा श्रोत्रेंद्रियाचा अतियोगच आहे. ऋतू उलटल्यानंतर रोज वीस मिनिटे चालणे व सूर्यनमस्कार सांगितले, जेणेकरून पुढच्या वर्षी शरीर परिश्रमास सात्म्य असेल.

पादांशाने बदल

अशा रुग्णांच्या बाबतीत दोन नियम अत्यंत उपकारक ठरतात. पहिला नियम अहितकर सवयी चतुर्थांशाने, अथवा त्याहूनही लहान अंशाने सोडण्याचा. दीडला झोपणाऱ्या व्यक्तीस 'उद्यापासून पहाटे साडेचारला ऊठ' असे सांगितले, तर हाती लागते ती तीन तासांची झोप. ब्राह्ममुहूर्ताचा नियम स्वस्थासाठी आहे, हे आपण विसरता कामा नये. दुसरा नियम जागरणाचा: असात्म्य जागरण घडल्यास त्याच्या अर्धा काळ सकाळी, काही न खाता झोपावे, अशी सवलत वाग्भटांनी दिली आहे. ती वापरावी; दुपारी जेवून झोपण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

प्रत्यक्षात पहिल्या पंधरवड्यात एकच बदल सांगितला: रात्रीचे जेवण बैठकीपूर्वी, आठ वाजता. स्वयंपाकाला वेळ नाही, या अडचणीवर मुगाची खिचडी, मेतकूट-भात व तूप, भाकरी व मुगाचे वरण अशी चार-पाच ताटे ठरवून दिली. कुकरच्या दोन शिट्यांत होणारे अन्न एकट्या माणसाला परवडते. पहिल्या घासाबरोबर तुपातून हिंग्वाष्टक चूर्ण दिले. बैठकीनंतर भूक लागल्यास केवळ साळीच्या लाह्या.

दुसऱ्या पंधरवड्यात दुपारचे जेवण एक वाजता, पडदा बंद ठेवून, आणि शक्यतो दोन सहकारी मैत्रिणींसह. तिसऱ्यात झोपेची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणणे, झोपण्यापूर्वी काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळणे आणि त्या वेळी भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवणे. सोनामुखीचे चूर्ण एकदम न थांबवता मात्रा कमी करत नेली आणि त्याजागी कोमट पाणी, तूप व काळ्या मनुका योजल्या. मूत्रवेग न रोखण्याबद्दल स्पष्ट बोललो. हा विषय तरुण स्त्रिया आपणहून काढत नाहीत. वैद्यानेच तो विचारला पाहिजे.

तीन महिन्यांत जळजळ व आध्मान बरेच उणावले, चूर्ण सुटले. झोप साडेबारापर्यंत आली, त्यापलीकडे सरकली नाही. नोव्हेंबरात घड्याळ बदलताच आठवडाभर तक्रारी उलटल्या. मात्र जेवणाची आठची वेळ तिने सोडली नव्हती, त्यामुळे त्या लवकर आटोक्यात आल्या. पूर्ण उपशय मिळाला असा दावा मी करणार नाही. रात्रीची बैठक आहे तोवर हेतू शिल्लक आहे. ती बैठक आठवड्यातून दोनच दिवस ठेवण्याविषयी तिने वरिष्ठांशी बोलणे केले आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

असा रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी बहुधा आपल्या दुकानात येतो. आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, किरकोळ विक्रीस वेगळा परवाना लागत नाही. म्हणूनच विक्रेत्याच्या विवेकाला अधिक महत्त्व आहे. एकच रेचक चूर्ण दरमहा नेणारा तरुण ग्राहक दिसल्यास 'किती दिवस घेता?' एवढे अवश्य विचारावे.

अश्वगंधेबाबतही सावधता हवी. भ्रमणध्वनीवरील जाहिराती पाहून ताण व निद्रानाशासाठी ती स्वतःहून घेण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. योग्य रुग्णात, योग्य मात्रेत ती उत्तम रसायन आहे. परंतु तिच्या सेवनानंतर यकृतविकार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, थायरॉइडच्या रुग्णांत ती जपून द्यावी लागते, गर्भिणीस टाळावी लागते. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती बंदी योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात; पण बेसुमार विक्रीने आपल्याच औषधाची पत जाते, यावर दुमत नसावे. थायरॉइड, यकृत, गर्भावस्था व चालू औषधे यांविषयी विचारून शंका आल्यास वैद्याकडे पाठवावे.

समारोप

एकट्या राहणाऱ्या तरुण रुग्णास 'प्रज्ञापराध' हा शब्द सुनावणे सोपे आहे. त्याला आपले चुकते हे ठाऊक असते. त्याला हवी असते ती जेवणाची एक ठरलेली वेळ, चार सोपी ताटे आणि पंधरा दिवसांनी 'जेवलास का?' असे विचारणारे कोणीतरी. आपल्यातील जुने वैद्य हे काम करत असत. ते घरातल्या सर्वांना नावाने ओळखत. आज घर दूर आहे, म्हणून हे काम अधिकच आपल्याकडे आले आहे.

त्याच वेळी आपली मर्यादाही ओळखावी. सतत उदासी, कशातही रस न वाटणे, जगणे नकोसे वाटते असा उल्लेख, यांपैकी काही आढळल्यास त्यास केवळ निद्रानाश समजून औषध देऊन चालणार नाही. अशा रुग्णास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे हेही सत्त्वावजयाचेच अंग होय. केंद्र शासनाची टेली-मानस ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र मिळते, मराठीतूनही मिळते. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयाच्या व औषधालयाच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेला असावा, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींना व औषधविक्रेत्यांना नम्र विनंती आहे.