घड्याळ पुण्याचं, ऊन कोलकात्याचं

पहाटे ५.४५

गजर नवऱ्याच्या फोनचा, पण उठते मी. बागबाजारातल्या या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आज आमचा बारावा दिवस. महिन्याचं भाडं आगाऊ दिलंय. दोन्ही ऑफिसांची एकच अट आहे, फोन लागला पाहिजे. माझं काम हिशेबाचं, साडेनऊ ते साडेसहा. हा टेस्टिंगवाला, गिऱ्हाईक अमेरिकेतलं, म्हणून दुपारी एक ते रात्री दहा.

पहिले तीन दिवस आम्ही पुण्याच्या सवयीने शहर बघणं संध्याकाळवर टाकलं. इथे जानेवारीत पाच वाजून दहा मिनिटांनी सूर्य मावळतो. लॅपटॉप मिटेपर्यंत काळोख. चौथ्या दिवशी डोक्यात उजेड पडला, की इथे फिरायचं ते पहाटेच.

६.१५

चक्ररेलचे रूळ ओलांडले की बागबाजार घाट. धुक्यात पलीकडचा काठ नाही, फक्त पाणी. पायऱ्यांवर म्हातारे अंगाला मोहरीचं तेल चोळतायत, आणि शेजारी कानटोपी-मफलरात गुरफटलेली धट्टीकट्टी माणसं. तेरा-चौदा अंशांना एवढा बंदोबस्त! हसणार होते, पण मीही शाल आणलीच होती. चहा मातीच्या भांड्यातून, चार घोटांचा. पिऊन झाला की भांडं टाकून द्यायचं. माझा हात अजून धजत नाही. खिडकीत आता अकरा भांडी जमलीत.

तिथून चालत मूर्तिकारांच्या कुमारटुलीला. दुर्गा शरदात, सध्या सगळीकडे सरस्वती, वसंतपंचमीची तयारी. पेणच्या गणपतीचं साच्यातून निघणं लहानपणी पाहिलेलं, त्यामुळे इथे मी थांबून राहते. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढा सुतळीने आवळून केलेलं अंग, कंबर, मांड्या, सगळं पेंढ्याचंच. मग मातीचे थर. मुखवटा तेवढा साच्यातला, तो नंतर बसवतात. बोटंही वेगळी करून जोडतात. त्यामुळे अख्खी गल्ली बिनडोक्याच्या देव्यांनी भरलेली. एका दुकानापुढे वीसेक हंस वाळत होते. "यांना अजून चोची नाहीत," नवरा म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला. ऑफिसात तो कशातलं काय राहिलंय हेच शोधत असतो.

७.३०

कचोरी आणि सालासकट बटाट्याची भाजी, पानाच्या द्रोणात. यावर बोलण्यासारखं काही नाही, खाण्यासारखं आहे.

८.१५

जिन्यात घरमालकीण माशिमा. आपली मावशी ती यांची माशी, म्हणून हाक मारताना परकं वाटत नाही. आम्ही महाराष्ट्रातले कळल्यापासून त्या रोज विचारतात, "काय बर्गी, आज काय लुटून आणलंत?" बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर वर्षामागून वर्ष चालून आल्या आणि गावंच्या गावं उजाड झाली. ते भय इथल्या अंगाईगीतात जाऊन बसलंय; मूल झोपलं की बर्गी येतात. शाळेत आम्ही या स्वाऱ्या चौथाईच्या बाजूने शिकलो. इथे जिन्यात उभं राहून त्या दुसऱ्या बाजूने ऐकाव्या लागतात. १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी आपल्या मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत पोचलेच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला, आणि पुढे बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. मराठा डिच लेन मात्र आमच्याच वस्तीत आहे. माशिमा हसत विचारतात, मीही हसते. पण पटकन वर जाते.

९.३०

११ तारखेचं जीएसटीआर-१ गेलं, आता २० तारखेचं ३बी. कोलकात्यातून भरलं म्हणून इनपुट क्रेडिट जुळतं असं नाही. खालून मासेवाला ओरडत जातो, त्या वेळी मी म्यूटवर असेन तर नशीब.

दुपारी १२.३०

एकत्र जेवायला हाच अर्धा तास. वरण-भात, तांदूळ गोविंदभोग. बारीक दाणा, शिजताना आंबेमोहोराची आठवण देणारा वास. एक वाजता टेबल त्याचं, माझी बदली पलंगावर. टेबल एकच, त्यावरून भांडण दोनदा झालंय. तिसरं होईल.

५.२०

साप्ताहिक मीटिंग. साहेबांच्या मागे पुण्याची खिडकी, तीत पिवळं ऊन. माझ्या मागे ट्यूबलाइट. तेवढ्यात खाली माशिमांनी शंख फुंकला. मग शेजारच्या गच्चीवरून दुसरा, मग गल्लीपलीकडून तिसरा. म्यूटचं बटण सापडेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं होतं. "अगं, तुमच्याकडे एवढ्यात दिवेलागण?"

हो. साडेचौदा रेखांश पूर्वेला, अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळजवळ तास. इंग्रजांच्या काळात कलकत्ता आणि मुंबई आपापली घड्याळं ठेवून होती. प्रमाणवेळेपेक्षा कलकत्ता २४ मिनिटं पुढे, मुंबई ३९ मिनिटं मागे. १९०६ पासून देशाला एक वेळ मिळाली, पण कलकत्त्याने आपली १९४८ पर्यंत सोडली नाही आणि मुंबईने तर १९५५ पर्यंत. तो हट्ट मला आता कळतो. साहेबांच्या उन्हात बसून मी माझ्या अंधारात काम करते. साडेपाचला त्यांना नवं काम सुचतं, तेव्हा माझ्या अंगाने दिवस कधीच मिटलेला असतो.

६.४०

नवरा हेडफोनमध्ये, मी एकटी श्यामबाजारला, तिथून ट्रामने. ट्राम आता मोजक्याच मार्गांवर उरल्यात. १८७३ मध्ये इथली पहिली घोड्यांनी ओढली होती. आजचीही साधारण त्याच वेगाने जाते. कॉलेज स्ट्रीटला उतरून अर्धा तास जुनी पुस्तकं चाळली, बालभारतीसारखं एक बंगाली अंकलिपीचं घेतलं. दुकानांच्या पाट्या वाचायला तेवढं पुरतं. कॉफी हाउसच्या जिन्यावरूनच परत फिरले. एकटीने तिथे टेबल अडवून बसण्याचा धीर अजून आलेला नाही.

१०.०५

लॅपटॉप मिटला. मी आणलेला नोलेन गुडाचा, म्हणजे नव्या गुळाचा, संदेश त्याने उभ्याउभ्या संपवला. पुण्याहून आणलेला तिळगूळ मी उद्याच्या संक्रांतीसाठी डब्यात काढला. माशिमांकडून पिठे-पुली येणार आहेत, रिकामा डबा कसा परत द्यायचा.

"हावडा ब्रिज रात्री बघायचा राहिलाय," तो म्हणाला.

"रात्री तुझा कॉल असतो."

"पाच वाजता अंधारच असतो की. आणि पुलाखाली मल्लिक घाटावर फुलबाजार."

मी गजर पावणेपाचचा लावला. त्याच्याच फोनवर.