वरचा सुगंध, खालचा सुगंध



तरुण मुलींना हल्ली स्ट्रॉबेरी, लिची, पीच अशा गोड वासाचे सेंट आवडतात. वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. पण हा वास येतो कोठून?

लिंबू-संत्र्याच्या सालीतून सुगंधी तेल निघते. स्ट्रॉबेरी किंवा पीचमधून तसे तेल निघत नाही, म्हणून त्यांचा वास रसायनशाळेत तयार करतात. पॅरिसच्या गेर्लँ कंपनीने १९१९ साली 'मित्सुको' या सेंटमध्ये पीचचा असाच वास वापरला होता. फळांचे बहुतेक वास हलके असतात आणि उन्हात लवकर उडून जातात.

कतारसारख्या उष्ण देशात लोक काय करतात? राजधानी दोहाच्या सूक वाकिफ या जुन्या बाजारात ऊद आणि धूप विकतात. ऊद म्हणजे आपला अगरू. या झाडाला बुरशी लागली की लाकडात काळपट, सुवासिक राळ साठते. आसामच्या अगरूला आखाती देशांत मोठा मान आहे. तेथे अंगाला ऊद लावून त्यावर दुसरा सेंट लावण्याची रीत आहे. वरचा वास उडाला तरी ऊद बराच वेळ दरवळत राहतो.

महाराष्ट्रात हळदीकुंकवाला सुवासिनींच्या हाताला अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. म्हणून मुलीला रागावू नका. तिला गुलाबाच्या किंवा चंदनाच्या अत्तराची एक छोटी कुपी द्या आणि या चालीची गोष्ट सांगा. वरचा सुगंध तिच्या आवडीचा असो. खालचा आपल्या घरचा असावा.